गाडगीळ: एक आडनाव, एक सूत्र आणि आपलं सोलापूर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवतो. फळ्यावर ‘गाडगीळ’ हा शब्द लिहिला की दर वर्षी साधारण तेच प्रश्न येतात. काही मुलं विचारतात, काही त्यांचे पालक. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं एका ओळीत संपतात, काही लांबली आहेत. जी लांबली, ती मुद्दामच लांबू दिली. या माणसाने आपल्या शहराकडे जितकं बारकाईने पाहिलं, तितकं आपणही क्वचित पाहतो.

अर्थशास्त्रात ‘गाडगीळ’ म्हणतात ते नेमके कोण?

धनंजय रामचंद्र गाडगीळ. जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. शिक्षण नागपूरला आणि पुढे केंब्रिजला. भारतातल्या उद्योगांची वाटचाल हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२४ साली पुस्तक म्हणून छापला गेला, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव, आणि ते त्या खुर्चीवर १९६६ पर्यंत राहिले. मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

दिल्लीतली ती चार वर्षं परीक्षेत विचारली जातात. पुण्यातली छत्तीस वर्षं कोणी विचारत नाही. मला ती छत्तीस वर्षं जास्त मोलाची वाटतात.

मग काकासाहेब गाडगीळ, गंगाधर गाडगीळ, माधव गाडगीळ हे कोण?

हा घोळ दर बॅचमध्ये होतो, म्हणून एकदाच नीट लक्षात ठेवा.

काकासाहेब म्हणजे न. वि. गाडगीळ. स्वातंत्र्यसैनिक, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, पुढे पंजाबचे राज्यपाल. गंगाधर गाडगीळ हे नवकथेतलं मोठं नाव. त्यांच्यावर गफलत होण्याला कारणही आहे, कारण ते अर्थशास्त्राचेच प्राध्यापक होते. पण सूत्र त्यांचं नाही. माधव गाडगीळ हे पर्यावरणशास्त्रज्ञ. पश्चिम घाटावरच्या ज्या समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, तिचे अध्यक्ष. ते मात्र धनंजयरावांचेच चिरंजीव. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘गाडगीळ समिती’ किंवा ‘गाडगीळ अहवाल’ दिसला की आधी साल पाहा. १९४५ चा असेल तर शेती कर्जाचा, वडिलांचा. २०११ चा असेल तर घाटाचा, मुलाचा.

गाडगीळ सूत्र म्हणजे काय?

केंद्र सरकार राज्यांच्या पंचवार्षिक योजनांना जो पैसा द्यायचं, तो कुठल्या राज्याला किती द्यायचा हे ठरवण्याचं सूत्र. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री ज्यात बसायचे त्या राष्ट्रीय विकास परिषदेने ते मान्य केलं आणि चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून ते लागू झालं.

त्याआधी काय व्हायचं, हे कळल्याशिवाय सूत्राची किंमत कळत नाही. पहिल्या तीन योजनांत ठरलेला असा नियमच नव्हता. एकेक काम पाहून पैसा मंजूर व्हायचा. ज्या राज्याचे मुख्यमंत्री वजनदार, ज्यांचे अधिकारी दिल्लीत ठाण मांडून बसणारे, त्यांची फाईल पुढे सरकायची. नियम कागदावर आला तेव्हा प्रत्येक राज्याला आपला वाटा आधीच मोजता येऊ लागला. कोणाच्या दारात उभं न राहता हक्काचं किती, ते कळलं.

साठ-दहा-दहा-दहा-दहा हे पाठ आहे, पण समजत नाही. सोपं करून सांगाल का?

आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन राज्यांच्या गरजा आधी बाजूला काढल्या. उरलेल्या पैशातले शंभर रुपये समोर ठेवले आहेत असं समजा.

त्यातले साठ रुपये लोकसंख्येप्रमाणे वाटायचे. माणसं जास्त, तर वाटा जास्त.

दहा रुपये फक्त अशा राज्यांना, ज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. सरासरीच्या वर असलेल्यांना यातला छदामही नाही.

दहा रुपये कर गोळा करण्याच्या प्रयत्नांसाठी. लोकांचं उत्पन्न जितकं आहे, त्या मानाने राज्य स्वतः किती कर उभा करतं ते पाहायचं. गरीब राज्यालाही इथे गुण मिळू शकतात, कारण मोजतात ते करांचं उत्पन्नाशी असलेलं प्रमाण.

दहा रुपये चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी. हाती घेतलेलं धरण अर्ध्यावर पडून राहू नये म्हणून.

शेवटचे दहा रुपये राज्याच्या खास अडचणींसाठी: पूर, वारंवारचा दुष्काळ, आदिवासी भाग.

आणि हा पैसा राज्याच्या हातात जाताना सर्वसाधारण राज्यांना ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. वर सांगितलेल्या विशेष राज्यांना ९० टक्के अनुदान, १० टक्के कर्ज. हा शेवटचा भाग मुलं हमखास विसरतात.

महाराष्ट्राला आणि सोलापूरला यातून काय मिळालं?

महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा वर, म्हणून दुसऱ्या दहा रुपयांत आपल्या राज्याचा वाटा शून्य. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण महाराष्ट्राची सरासरी वर कोणामुळे होती? मुंबईमुळे. त्याच सरासरीत सांगोला आणि मंगळवेढाही मोजले गेले, जिथे १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली. माझी आजी त्या कामावर होती. ती म्हणायची, “आमची सरासरी मुंबईत राहती व्हय?” असं ती म्हणायची तेव्हा तिला सूत्र माहीत नव्हतं. मी दरडोई उत्पन्नाचा धडा घरी मोठ्याने वाचत होतो, ते ऐकून ती बोलली होती. मला या सूत्रातली मोठी उणीव तिच्याकडून कळली: ते राज्यापर्यंत येऊन थांबतं. राज्याच्या आत, जिल्ह्या-जिल्ह्यांत कसं वाटायचं यावर ते काही बोलत नाही.

तो प्रश्न पुढे गोखले संस्थेतच गाडगीळांच्या जागी आलेल्या वि. म. दांडेकरांच्या वाट्याला आला. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हावार ‘अनुशेष’ मोजला, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने कुठला जिल्हा विकासात किती मागे पडला ते. आज नेत्यांच्या भाषणात तुम्ही अनुशेष हा शब्द ऐकता, तो तिथून आला.

उजनीबद्दलही विचारतात. धरणाचं काम चालू असतानाच्या काळात चालू पाटबंधारे प्रकल्पांचा निकष सूत्रात होता. पण त्यातले किती रुपये उजनीत गेले, असा हिशेब मांडता येत नाही. ही मदत राज्याच्या एकूण योजनेसाठी ठोक मिळायची, एखाद्या प्रकल्पाच्या नावाने नाही. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हा निकष सूत्रातून काढून त्याचे दहा टक्के दरडोई उत्पन्नाच्या निकषात मिळवले गेले.

मग ‘गाडगीळ-मुखर्जी सूत्र’ कुठून आलं?

१९९१ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष प्रणव मुखर्जी होते. तेव्हा सूत्र पुन्हा बदललं: लोकसंख्या ६०, दरडोई उत्पन्न २५, कामगिरी ७.५, खास अडचणी ७.५. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेचीच धरायची. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं, त्यांचा वाटा त्यामुळे घटू नये, हे त्यामागचं कारण.

वित्त आयोग आणि गाडगीळ सूत्र एकच का?

नाही. वित्त आयोग घटनेच्या कलम २८० खालचा, करांतला वाटा ठरवणारा. गाडगीळ सूत्र नियोजन आयोगाचं, योजनांच्या मदतीचं. नियोजन आयोग घटनेत नव्हताच.

हे सूत्र अजून चालू आहे का?

नाही. १ जानेवारी २०१५ ला नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि चौदाव्या वित्त आयोगानंतर ही मदत वेगळी देणं थांबलं.

गाडगीळांचा सोलापूरशी खरंच काही संबंध होता, की हा आपला ओढून-ताणून आणलेला अभिमान?

खरंच होता. ‘शोलापूर सिटी: सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’ हे गाडगीळांचं पुस्तक १९६५ साली आलं. पुणे त्यांचं स्वतःचं शहर. पुण्याची पाहणी त्यांनी केली, त्यात नवल नाही. पण त्यांनी सोलापूरही घेतलं. त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, गोखले संस्थेने र. ग. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची सामाजिक-आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली होती. म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या मागांची खडखड पुण्यातल्या त्या संस्थेच्या कागदांवर पंचाहत्तरहून जास्त वर्षांपूर्वीच उतरली होती.

सोलापूरच का? माझं उत्तर असं. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि एका दुष्काळी मुलखातल्या बाजारपेठेचं गिरणगाव झालं. शेतातून माणसं आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड बोलणारे होतेच. एका गल्लीत चार भाषा. मोठी गिरणी आणि घरातला हातमाग शेजारी शेजारी. गिरणी कामगाराचा पगार ठरलेला आणि बाजूच्या घरात मालाच्या उठावावर ठरणारी मजुरी. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली तेव्हा हजारो घरांच्या चुली अडल्या. सरकारने कारभार हाती घेतला, त्यासाठी १९५० मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उद्योग म्हणजे काय, तो गरिबाचं काय करतो आणि बंद पडला तर काय होतं, हे एका शहरात पाहायचं असेल तर सोलापूरसारखं शहर नाही.

‘पाहणी’ म्हणजे नेमकं काय करतात? त्यात एवढं शहाणपण ते काय?

यावर मी वर्गात एक अख्खा तास देतो.

माझी आजी साखर पेठेत विड्या वळायची. दुष्काळानंतर ती शहरात आली ती कायमची. पहाटे पान भिजवून गोणपाटात गुंडाळलेलं असायचं. मांडीवर सूप. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने दोन बाजू, वर एक, खाली एक. तंबाखू भरायची, वळायची, सूत गुंडाळायचं, तोंड मोडायचं. पंचवीसचा कट्टा. सकाळी कारखान्यात विड्या घेऊन गेलं की तपासणारा हाताने कट्टे चाळायचा आणि वाकड्या-पातळ विड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, पान आणि तंबाखू मात्र वापरलेली. पान कमी पडलं तर बाजारातून पदरचे पैसे घालून आणायचं.

आता एखादा पाहणीवाला दारात येऊन विचारतो, “बाई, दिवसाला किती मिळतात?” आजी सांगणार हजार विड्यांचा दर. तो लिहून घेणार. आणि ते चूक असणार. छाट वजा झालेली नाही. विकत आणलेलं पान वजा झालेलं नाही. शिवाय त्या हजारातल्या तीनशे विड्यांची तोंडं माझ्या आईने शाळेतून आल्यावर मोडलेली. आईचं नाव त्या कागदावर ‘विद्यार्थिनी’ म्हणून.

चांगली पाहणी म्हणजे हे सगळं विचारण्याची शिस्त. कारखान्याच्या नोंदवहीवर न थांबता घराच्या उंबऱ्यापर्यंत जायचं. एकूण मिळकत वेगळी, हातात उरणारी वेगळी. काम करणारे हात किती आणि पगार घेणारं नाव कोणाचं. गाडगीळांनी हयातभर हाच आग्रह धरला: कुटुंब हे एकक, आणि आकडे स्वतः फिरून आणलेले. भारतातल्या काम करणाऱ्या स्त्रियांवर त्यांचं स्वतंत्र लेखन १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आलं, तेही मला याच धाग्यातलं वाटतं.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक साखर कारखान्याचा अध्यक्ष कसा झाला?

सुरुवात कारखान्यातून नाही, कालव्यातून आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी त्या भागाला काय दिलं, याची पाहणी गाडगीळांनी केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी आल्याने पीक बदललं, हे तर कोणालाही दिसतं. पण वाढलेला पैसा जातो कोणाच्या घरी? ऊस शेतकऱ्याचा आणि साखरेतला नफा दुसऱ्याचा, असं असेल तर पाण्याचा अर्धा लाभ शिवाराबाहेर वाहून जातो.

त्याच प्रवरेच्या भागात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करत गावोगाव फिरत होते. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव झाले. पहिला हंगाम १९५०-५१ चा. एक फारसं न शिकलेला शेतकरी आणि एक केंब्रिजचा प्राध्यापक, दोघे एका संचालक मंडळात बसले. दोघांनाही दुसऱ्याची गरज होती आणि ती दोघांनी मान्य केली होती.

याच काळात रिझर्व्ह बँकेची ग्रामीण पतपाहणी झाली. ती करणाऱ्या गोरवाला समितीत गाडगीळ सदस्य होते. १९५४ च्या अहवालात निघालं की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, बाकी बहुतांश सावकार. सहकार फसला आहे, तरी तो यशस्वी व्हायलाच हवा, असा त्या अहवालाचा सूर. उपाय काय, तर कर्ज, माल साठवणं, त्यावर प्रक्रिया आणि विक्री एकमेकांना जोडा. नुसतं कर्ज देऊन भागत नाही.

आज साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून वाट काढावी लागते. पण सभासदाला वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो का, हे बघा. जिथे येत नाही, तिथे पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असलं तरी लोणीला जे सुरू झालं ते तिथे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अग्रणी बँक योजनेशी त्यांचं नाव का जोडतात?

राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या अभ्यासगटाचे ते अध्यक्ष होते. त्यांचा अहवाल १९६९ चा. म्हणणं असं की बँका शहरात एकमेकींच्या शेजारी शाखा उघडतात आणि तालुके कोरडे राहतात. म्हणून प्रदेश हा पाया धरा. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी, तिथे कर्ज कोणाला पोचत नाही ते शोधावं. बँकांच्या शाखाविस्तारासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नरिमन समितीनेही तेच उचलून धरलं आणि त्या वर्षअखेर अग्रणी बँक योजना आली. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया.

कल्पना चांगली असली तरी राबवणारा ती उलटी धरू शकतो. १९८९ मध्ये याच विचारातून ‘सेवा क्षेत्र’ पद्धत आली, प्रत्येक ग्रामीण शाखेला ठरावीक गावं वाटून दिली. माझे मामा मोहोळ तालुक्यातले. विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज हवं होतं. बाजाराच्या गावातली शाखा घरापासून चार किलोमीटरवर. तिथे साहेबांनी यादी काढली, बोट फिरवलं आणि सांगितलं, “तुमचं गाव आमच्याकडे येत नाही.” ज्या शाखेकडे येत होतं ती अकरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. मामांनी तीन हेलपाटे घातले आणि शेवटी मोटार सावकाराच्या पैशाने बसली. गाव सुटू नये म्हणून केलेली यादी गावाला अडवायला वापरली गेली. २००४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने ती बंधनं बहुतांश काढून टाकली. मामांचं कर्ज त्याच्या आधीच फिटलं होतं, अर्धा एकर विकून.

मुख्य परीक्षेत गाडगीळांवर काय लिहावं?

टक्केवारी लिहा, ती चुकवू नका. पण त्यानंतर दोन वाक्यं अशी लिहा की हा माणूस आधी मोजायचा आणि मग वाटायचा. पुणे, सोलापूर, प्रवरा कालवा ही मोजणी. सूत्र, अग्रणी बँक, सहकार ही वाटणी. हा दुवा दिसला की तपासणाऱ्याला कळतं, मुलाने फक्त घोकलेलं नाही.

आम्हाला आमच्या गल्लीची पाहणी करायची असेल तर कशी करावी?

करा, खरंच करा. दर उन्हाळ्यात माझी काही मुलं करतात. वीस घरं पुरेत. ओळखीचीच घरं निवडू नका, रांगेतलं दर तिसरं घर घ्या, मग तिथे कोणीही राहत असो. दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, तेव्हा बायकांना थोडी उसंत असते. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगू येणारा जोडीदार न्या. यंत्रमागाचं घर असेल तर पाळी कोणाची कधी आहे ते आधी विचारून घ्या, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवू नका.

आणि पहिलाच प्रश्न उत्पन्नाचा नको. आधी विचारा, काल स्वयंपाकाला काय होतं, भाकरी की भात. किराणा रोज आणता की महिन्याचा एकदम. दुकानदाराकडे वही आहे का. वही दाखवली तर शेवटचं पान बघा, बाकी किती आणि कुठल्या तारखेपासून. उत्पन्नाचा प्रश्न त्यानंतर विचारा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन वेगळा विचारा.